बिअरचा छंद आणि आपले धान्य

शिक्षणाच्या अथवा नोकरीच्या निमित्ताने पुण्या-मुंबईस राहणारी आपल्या गोंदिया जिल्ह्यातील तरुण मंडळी सुटीत घरी आली म्हणजे तिकडील नवलाच्या अनेक गोष्टी सांगतात. त्यांत अलीकडे एका विषयाची भर पडली आहे. लहान प्रमाणावर निरनिराळ्या चवींची बिअर करणारे कारखाने, ती चाखण्याच्या बैठका, आणि परदेशांत तर लोक ती छंद म्हणून स्वतःच्या स्वयंपाकघरात करतात, ही ती हकीकत होय. घरातील वडील माणसांस हे ऐकून राग येतो किंवा हसू येते, आणि विषय तेथेच संपतो. परंतु बिअर हा पदार्थ मुळात धान्याचा आहे व धान्य पिकविणे हा आपला धंदा आहे. म्हणून हा छंद म्हणजे नेमके काय, त्यातील विद्या कोणती, आणि आपल्याकडील शेतकऱ्याने त्यातून काय घ्यावे व काय टाळावे, याचा शांतपणे विचार करण्याचे योजिले आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट आहे. या छंदाचे तीन भाग पडतात. पहिला, धान्य तयार करून त्याचा गोड रस काढणे. दुसरा, तो रस आंबवून त्याचे मद्य करणे. आणि तिसरा, तयार पदार्थाची चव पारखणे. यांपैकी मधला भाग परवान्यावाचून करण्यास आपल्या राज्यात कायद्याने मनाई आहे. पहिला मात्र सर्वांस मोकळा आहे, आणि तिसरा वयाची व परवान्याची अट पाळणाऱ्यास मोकळा आहे. आणि शेतकऱ्याच्या खऱ्या उपयोगाची विद्या या दोन भागांतच आहे, असे आमचे मत आहे.

छंदाची थोडी हकीकत

इंग्लंडमध्ये घरी बिअर करणाऱ्यास पूर्वी परवाना घ्यावा लागे. ती अट १९६३ साली रद्द झाली. अमेरिकेत १९७८ साली कायदा होऊन घरच्यापुरती बिअर करण्यास मोकळीक मिळाली. एका प्रौढ माणसास वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरास त्याच्या दुप्पट, अशी मर्यादा घातली गेली. विक्रीस मात्र परवानगी नाही. या मोकळिकीतून हजारो हौशी लोक तयार झाले आणि त्यांतीलच कित्येकांनी पुढे लहान कारखाने काढले. आपल्या राज्यात अशा लहान कारखान्याचा आरंभ पुण्यास झाला. 'डूलाली' या नावाची संस्था २००९ साली तेथे निघाली व पुढे मुंबई आणि इतर शहरांतही असे कारखाने झाले.

धान्य आंबवून पेय करणे हे आपल्या देशास नवे आहे असे मात्र कोणी समजू नये. झारखंड व ओडिशा या प्रांतांतील आदिवासी समाज तांदळाची हंडिया करतात. तीसाठी वनस्पतींची मुळे व तांदळाचे पीठ यांच्या वाळविलेल्या गोळ्या विरजणासारख्या वापरतात. आपल्या जिल्ह्यात मोहफुलांची परंपरा तर प्रत्येकास ठाऊक आहे. भेद इतकाच की परदेशी हौशी माणूस प्रत्येक पायरी मोजतो, लिहून ठेवतो आणि चुकीचे कारण शोधतो. त्याच्यापासून घेण्यासारखी गोष्ट ती हीच.

धान्य गोड कसे होते

मोहाचे फूल तोंडात टाकले की गोड लागते, तांदळाचा दाणा लागत नाही. या साध्या अनुभवात सर्व रहस्य आहे. मोहफुलात साखर तयार स्वरूपात असते. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असते. दाण्यात मात्र ती साखर पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या, रूपाने कुलूपबंद असते. यीस्टला साखर खाता येते, पिष्ट खाता येत नाही. म्हणून फुलाचे काम निसर्गच करून ठेवतो, तर धान्याचे काम माणसास करावे लागते.

हे कुलूप उघडण्याची किल्ली दाण्यापाशीच असते. दाणा रुजू लागला की कोंबास अन्न पुरविण्याकरिता त्यात काही द्रव्ये उत्पन्न होतात व ती पिष्टाची साखर करू लागतात. या द्रव्यांस विकर अथवा एन्झाइम म्हणतात. जव भिजवून त्यास मोड आणावयाचे आणि कोंब फार वाढण्यापूर्वीच दाणा वाळवून ती क्रिया थांबवावयाची, म्हणजे विकर दाण्यात शिल्लक राहतात. अशा मोड आणून वाळविलेल्या धान्यास माल्ट म्हणतात. मंद आचेवर वाळविलेल्या माल्टची बिअर फिकट सोनेरी होते. काही माल्ट अधिक भाजून मिसळले तर ती तांबूस, आणि कॉफीसारखे काळे भाजून मिसळले तर काळी होते. बिअरचे रंग हे बव्हंशी भाजणीचे रंग आहेत.

पुढे माल्ट भरडून सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात एक तासभर ठेवितात. पाणी याहून फार गरम झाले तर विकर मरतात. फार थंड राहिले तर काम मंदावते. तासाभरात ते पीठकट पाणी गोड होते. ते गाळून घेऊन हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून सुमारे तासभर उकळतात. हॉप्समुळे कडवटपणा व सुगंध येतो आणि पेय टिकण्यासही मदत होते. ही वेल थंड प्रदेशातील आहे. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात तिची लागवड झालेली आहे, आपल्या उष्ण मैदानात ती मानवणारी नाही. जवही आपल्याकडील पीक नव्हे. राजस्थान, उत्तर प्रदेश व हरियाणा हे त्याचे मुख्य प्रदेश होत.

आपल्या भाताचा संबंध येथे येतो. अनेक मोठे कारखाने जवाच्या माल्टबरोबर तांदळाचाही उपयोग करतात, कारण त्यामुळे पेय हलके व स्वच्छ चवीचे होते. पण तांदळाचे पिष्ट मऊ होण्यास माल्टच्या विकरांना सोसेल त्याहून अधिक उष्णता लागते. म्हणून तांदूळ आधी वेगळा शिजवून मग माल्टमध्ये मिसळावा लागतो. भातगिरणीतून निघणारी कणी या कामास उत्तम चालते.

उरलेला चोथाही टाकाऊ नाही. त्यात प्रथिने पुष्कळ असल्यामुळे तो दुभत्या जनावरांस उपयोगी पडतो; मात्र ओला चोथा उन्हाळ्यात दोन दिवसही टिकत नाही, तेव्हा तो ताजाच घालावा किंवा वाळवावा.

यीस्टचे कार्य

आंबणे ही क्रिया सजीवांची आहे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर याने प्रयोगांनी सिद्ध केले व १८७६ साली बिअरवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने १८८३ साली यीस्टचे एकाच जातीचे शुद्ध बीज वेगळे काढले. भाताच्या निवडक बियाण्याचे जे महत्त्व, तेच या शुद्ध यीस्टचे होय. भेसळ बियाण्याने शेत जसे एकसारखे येत नाही, तसे भेसळ यीस्टने पेय एकसारखे होत नाही.

यीस्ट साखर खाते व तिचे जवळजवळ समान वजनाचे दोन भाग करते : एक अल्कोहोल, दुसरा कर्बद्विप्राणिद वायू. किती साखर खाल्ली गेली हे तरंगत्या काचेच्या नळीने, म्हणजे हायड्रोमीटरने, समजते. साखरेचे पाणी जड असते, म्हणून नळी वर राहते. साखर संपत जाते तशी ती खाली बुडते. आरंभी १.०५० व शेवटी १.०१० असा आकडा दिसला तर पेयात अल्कोहोल सुमारे सव्वापाच टक्के झाले, असे गणित आहे.

उष्णता हा येथे कळीचा मुद्दा आहे. घरगुती बिअरची बहुतेक यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट काम करते; लागर जातीची यीस्ट तर ८ ते १३ अंशांत. आपल्याकडील वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उष्णतेत यीस्ट घाईने काम करते आणि स्पिरिटसारखा जळजळीत वास व डोकेदुखी आणणारी जड अल्कोहोले निर्माण होतात. शीतकरणाची सोय असल्याशिवाय चांगली बिअर का होत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे.

चव कशी पारखावी

चव पारखणे म्हणजे अधिक पिणे नव्हे, हे प्रथम लक्षात ठेवावे. पारखणारा दोन-तीन घोटांवर पेय ठेवून देतो. पेला स्वच्छ व साबणाचा वास नसलेला असावा. पेय बर्फासारखे थंड असू नये, कारण थंडीने जीभ बधिर होते. फिकटाकडून गडदाकडे, सौम्याकडून तीव्राकडे असा क्रम ठेवावा व मध्ये पाणी आणि साधे मुरमुरे घ्यावेत. प्रथम रंग व फेस पाहावा, मग वास घ्यावा, मग घोट घेऊन तो जिभेवर सर्वत्र फिरवावा, आणि गिळल्यावर मागे कोणती चव राहते तिकडे लक्ष द्यावे. जे आढळेल ते दुसऱ्याशी बोलण्यापूर्वी लिहून काढावे. नाही तर जो पहिल्याने बोलतो त्याचीच चव सर्वांस लागू लागते.

दोषांची ओळख ही या विद्येची मुळाक्षरे होत. लोण्यासारखा तुपकट वास आला तर यीस्टला शेवटचे काम पुरे करण्यास वेळ मिळाला नाही. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर पेय अजून कोवळे आहे. शिजलेल्या मक्याच्या कणसाचा वास म्हणजे उकळी अपुरी. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून पेय शिळे झाले. सिरक्याचा आंबटपणा म्हणजे बहुधा भांडी अस्वच्छ. पांढऱ्या किंवा हिरव्या काचेच्या बाटलीस ऊन लागले तर हॉप्समधील द्रव्य बिघडून उग्र दुर्गंधी सुटते. म्हणूनच बाटल्या तपकिरी असतात.

हीच दृष्टी आपल्या मालास लावून पाहावी. फुले वेचणे सोपे जावे म्हणून मोहाखालचा पालापाचोळा जाळण्याची रीत आहे. त्याने जंगलास आग लागण्याचे भय असतेच, शिवाय राखेचा व काजळीचा वास फुलास लागतो आणि तो अखेरपर्यंत जात नाही. झाडाखाली जाळे किंवा स्वच्छ कापड पसरून वेचलेले व चटईवर वाळविलेले फूल शेजारी ठेवून वास घेतला तर फरक कोणासही कळतो. व्यापाऱ्याने दोन्हीस एकच भाव दिला तर आपण तो मुकाट्याने घेतो, कारण आपला माल चांगला का, हे आपणास शब्दांत सांगता येत नाही. जिभेची व नाकाची विद्या नसल्याने होणारे हे नुकसान लहान नाही.

तीन पेल्यांची कसोटी

पारख खरी की भासाची, हे ठरविण्याची एक सुरेख रीत बिअरच्या कारखान्यांतूनच आली. तीन पेले भरावेत. दोहोंत एकच पेय व तिसऱ्यात निराळे. चाखणाऱ्यास न सांगता वेगळा पेला ओळखावयास लावावे. निव्वळ अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येईल. म्हणून बारा वेळा कसोटी घेतली तर चार उत्तरे दैवानेही बरोबर येतात. आठ किंवा अधिक आली तरच फरक खरोखर कळतो असे मानावे.

नशिबाचा भाग किती व खरा फरक किती, हा प्रश्न शेतीच्या प्रयोगांतही नेहमी येतो. डब्लिन येथील गिनेस कारखान्यात १८९९ साली नोकरीस लागलेला विल्यम गॉसेट हा जवाच्या वाणांच्या परीक्षांत याच प्रश्नाशी झगडत होता. थोड्या नमुन्यांवरून विश्वसनीय अनुमान कसे काढावे याची पद्धत त्याने १९०८ साली 'स्टूडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली. आज कृषी विद्यापीठांतील वाणांच्या चाचण्यांत ती पद्धत सर्रास वापरली जाते. बिअर करणाऱ्याच्या गरजेतून शेतीशास्त्रास मिळालेली ही देणगी होय.

ही कसोटी शिजविलेल्या भातावर अवश्य करून पाहावी : दोन वाट्यांत एक वाण, तिसरीत दुसरा. बारीक निरीक्षणाचे मोल आपल्या झाडीपट्टीस सांगावयास नको. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या बांधीतील काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी निराळे राखले, आणि त्यातून एचएमटी हा सर्वपरिचित तांदूळ निघाला. डोळ्याने जे त्यांनी केले, ते जिभेने करणारेही आपल्यात असावेत.

कायदा व धोका

१९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये महाराष्ट्रात परवान्यावाचून कोणतेही मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. छंद म्हणून केले, विकले नाही, हा बचाव चालत नाही. मध्य प्रदेश व छत्तीसगड येथे आदिवासी कुटुंबांस घरच्यापुरती मर्यादित सवलत आहे. पण सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील कोणी सीमेपलीकडील त्या सवलतीचा आधार येथे घेऊ नये. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असल्याने तेथे बाटली घेऊन जाणेही संकटाचे आहे. विकत घेऊन पिण्यासही बिअरकरिता वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात व परवान्याची अट आहे. मोहफुलांच्या बाबतीत मात्र राज्य शासनाने २०२१ साली संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध सैल केले आहेत. ही सवलत फुलांस आहे, दारूस नाही.

विषबाधेसंबंधी एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. धान्याच्या साध्या आंबण्यात घातक प्रमाणात मिथेनॉल होत नाही. मोठ्या दुर्घटना घडतात त्या बहुतेक कारखान्यांत वापरले जाणारे मिथेनॉल दारूत मिसळल्याने. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलला वेगळा रंग नसतो, आणि त्याची भेसळ जिभेस ओळखता येत नाही. म्हणून पारखीचा कितीही अभ्यास असला तरी बेकायदा दारूचा एक घोटही घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही असे स्पष्ट म्हटले आहे. ज्या घराने व्यसनाची झळ सोसली आहे, त्याने या विषयाचा तिसरा भाग भात, ताक व आंबील यांवरच शिकावा. विद्या तीच आहे.

घरी करून पाहण्याचा प्रयोग

पौष-माघाच्या थंडीत एक किलो जव आणावा. औषध लावलेले बियाणे मुळीच घेऊ नये. पाणी बदलीत व मधून मधून निथळीत तो दोन दिवस भिजवावा. नंतर सावलीत ओल्या गोणपाटावर दोन बोटे जाड पसरावा आणि दिवसातून दोनदा खालीवर करावा, म्हणजे उबारा धरणार नाही. चार-पाच दिवसांत मुळ्या दाण्याएवढ्या लांब झाल्या की पातळ पसरून उन्हात कडकडीत वाळवावा व मुळ्या चोळून काढाव्यात. बुरशी आली तर सर्व टाकून द्यावे. ज्वारीचे मोड या कामी वापरू नयेत. तिच्या कोंबांत व मुळ्यांत विषारी द्रव्य असते.

मग पाव किलो कणी दीड लिटर पाण्यात अगदी मऊ शिजवून घट्ट पेज करावी. ती ६८ अंशांपर्यंत निवू द्यावी. यासाठी तापमापक पाहिजेच, बोटाचा अंदाज उपयोगी नाही. त्यात १०० ग्रॅम माल्टचे पीठ ढवळून भांडे घोंगडीत गुंडाळून तासभर ठेवावे. झाकण काढल्यावर घट्ट पेज पाण्यासारखी पातळ झालेली व चवीस गोड लागणारी आढळेल. तिच्यात साखरेचा कणही आपण घातलेला नसतो. तिचा एक थेंब पांढऱ्या बशीत थंड करून त्यावर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा-काळा रंग आला तर पिष्ट शिल्लक आहे, पिवळट-तपकिरी राहिला तर काम पुरे झाले. तपासलेला थेंब टाकून द्यावा. उरलेला रस गाळून, दहा मिनिटे उकळून, निववून त्याच दिवशी मुलाबाळांसह प्यावा. तो ठेवून दिल्यास आपोआप आंबू लागेल, आणि तेथून पुढे कायद्याची हद्द लागते.

या प्रयोगास खर्च थोडा व वेळ आठवड्याचा लागतो. परंतु ज्याने एकदा आपल्या कणीची पेज डोळ्यांदेखत गोड होताना पाहिली, त्यास दाण्यात काय साठविलेले असते हे पुन्हा कोणी सांगावे लागत नाही. सुटीत घरी आलेल्या मुलास बरोबर घेऊनच तो करावा. त्याने ऐकीव गोष्ट आणिली आहे, आपल्यापाशी धान्य आहे. दोघांच्या बोलण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे.